आम्ही पांगतो आहोत

जून २०१६चा शेवटचा रविवार. इस्तंबूलच्या इस्तिक्लाल रस्त्यावर पोलिसांनी नाकेबंदी केली होती. पाण्याचा मारा करणाऱ्या गाड्या उभ्या होत्या, अश्रुधुराच्या बंदुका तयार होत्या आणि जो दिसेल त्याला एकच हुकूम दिला जात होता : 'दाअलन', म्हणजे पांगा. शहराच्या राज्यपालांनी नऊ दिवस आधीच समलिंगी-पारलिंगी माणसांच्या प्राइड मोर्चावर बंदी घातली होती. एका कडव्या राष्ट्रवादी गटानं 'मोर्चा निघाला तर आम्ही रोखू' अशी उघड धमकी दिली, तेव्हा राज्यपालांनी धमकी देणाऱ्यांना आवर घालायचं सोडून मोर्चाच बंद केला.

त्यावर मोर्चाच्या समितीनं पोलिसांचाच शब्द उचलला. 'दाअलयोरुझ', त्यांनी जाहीर केलं. आम्ही पांगतो आहोत. तुम्ही म्हणता ना पांगा, तर आम्ही इस्तिक्लालच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कोपऱ्यात पांगतो. त्या दिवशी बेयोलू भागातल्या बोळांमधून पाच-दहा जणांचे घोळके निघाले. खिशातून सप्तरंगी फडका निघायचा, घाईघाईनं निवेदन वाचलं जायचं, पोलिसांचे बूट वाजले की घोळका पुढच्या बोळात. मोर्चा निघाला नाही आणि मोर्चा निघालाही.

'पोलिसांनी जमाव पांगवला' हे वाक्य आपण मराठी वर्तमानपत्रांत लहानपणापासून वाचत आलो आहोत. ते वाक्य तिथे संपतं, बातमीही संपते. पांगलेली माणसं पुढे कुठे गेली हे कोणी लिहीत नाही. इस्तंबूलच्या या मोर्चाची गोष्ट मला लिहावीशी वाटली ती याचसाठी, की तिथली माणसं गेली दहा वर्षं पांगूनच चालत आहेत.

ज्या चौकातून इस्तिक्लाल रस्ता सुरू होतो त्या चौकाचं नाव ताक्सिम. हा शब्द आपल्याला परका नाही. कोकणातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत 'तक्षीम' म्हणजे वाटा, हिस्सा. तोच हा अरबी शब्द. अठराव्या शतकात शहराच्या उत्तरेकडून येणारं पाणी या ठिकाणी एका दगडी हौदात घेऊन वेगवेगळ्या वस्त्यांना वाटून दिलं जाई, म्हणून जागेला नाव पडलं ताक्सिम. आणि इस्तिक्लाल म्हणजे स्वातंत्र्य. पूर्वी या रस्त्याला फ्रेंच नाव होतं, प्रजासत्ताक आलं तेव्हा हे नवं नाव दिलं गेलं. जेमतेम दीड किलोमीटरचा रस्ता. वाहनांना बंदी, मधून एक जुनी लाल ट्राम घंटा वाजवत जाते, दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं, सिनेमागृहं, चर्च, वकिलाती, मिठाईवाले. तुर्कस्तानात कोणालाही काही म्हणायचं असलं की तो या दीड किलोमीटरवर येतो. कामगार येतात, स्त्रीवादी संघटना येतात, कोठडीत नाहीशा झालेल्या मुलांच्या आया २०१८पर्यंत गालातासराय शाळेच्या फाटकासमोर फोटो घेऊन बसत. तेव्हा या रस्त्यावर कोणाला चालू द्यायचं हा प्रश्न वाहतुकीचा कधीच नव्हता. तो वाट्याचा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही. तुर्कस्तानात समलिंगी असणं गुन्हा नाही. आजच नाही असं नव्हे, १८५८ साली ऑटोमन साम्राज्यानं फ्रेंच धर्तीवर नवी दंडसंहिता केली तेव्हापासून नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६०मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे भारतीय दंडविधान आणलं आणि त्यात कलम ३७७ बसवलं. ते आपण २०१८पर्यंत वागवलं. म्हणजे ज्या काळात मुंबईत दोन पुरुषांच्या प्रेमाला कायद्यानं जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती, त्या काळात इस्तंबूलमध्ये कायद्याच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

पण पुस्तकात ओळ नसली म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. गुन्ह्याचं कलम नसेल तर 'सार्वजनिक नीतिमत्ता' असते, 'सार्वजनिक सुव्यवस्था' असते. १९८०च्या लष्करी उठावानंतर पारलिंगी गायिका ब्युलेंत एर्सॉय यांच्यावर १९८१मध्ये रंगमंचबंदी आली, ती १९८८पर्यंत टिकली. अख्खा देश ज्या आवाजावर लुब्ध होता त्या आवाजाला सात वर्षं आपल्याच देशात गाता आलं नाही. ज्यांना कोणी ओळखत नव्हतं अशा पारलिंगी स्त्रियांचं काय होत असेल ते यावरून समजावं. पोलीस चौकीतली मारहाण, घरावरच्या धाडी, रस्त्यात उभं राहिल्याबद्दल दंड हे त्यांचं रोजचं जगणं होतं. १९८७च्या वसंतात त्यांच्यातल्या काही जणी आणि त्यांचे समलिंगी मित्र पोलिसी छळाविरुद्ध उपोषणाला बसले. जागा होती ताक्सिमलगतच्या गेझी बागेच्या पायऱ्या. या पायऱ्या लक्षात ठेवा.

१९९३ साली इस्तंबूलमध्ये पहिला प्राइड सोहळा ठरला. परदेशातून पाहुणे आले. ऐन वेळी राज्यपालांनी बंदी घातली, पाहुण्यांना ताब्यात घेऊन देशाबाहेर पाठवलं. त्या फसलेल्या सोहळ्यातून लाम्डा इस्तंबूल ही संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी अंकारात काओस जीएल या नावाचं मासिक निघू लागलं. दहा वर्षं माणसं बंद खोल्यांत जमत राहिली, आणि २००३ साली इस्तिक्लालवर पहिला मोर्चा निघाला. किती जण होते? तीसेक.

तीस हा आकडा मला फार बोलका वाटतो. १९९९च्या २ जुलैला कोलकात्यात भारतातला पहिला असा मोर्चा निघाला तेव्हा त्यात पंधराएक जण होते. पंधरा किंवा तीस माणसांत लपायला जागा नसते. हजारोंच्या गर्दीत कोणी आपला चेहरा ओळखेल ही भीती वाटून घ्यावी लागते, तीस जणांत तो ओळखला जाणारच असतो. घरमालक पाहणार, कचेरीतला सहकारी पाहणार, चुलतभाऊ पाहणार. हे सगळं ठाऊक असून जी तीस माणसं त्या दिवशी रस्त्यावर उतरली, त्यांच्या पावलांमागे पुढचे सगळे आकडे आले.

त्याच सुमारास देशाचं सरकार बदललं होतं. २००२च्या निवडणुकीआधी, ती जिंकून सत्तेवर आलेल्या पक्षाचे नेते रेजेप तय्यिप एर्दोगान यांना दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात समलिंगींबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की समलिंगींनाही त्यांच्या हक्कांच्या चौकटीत कायद्याचं संरक्षण मिळालं पाहिजे. हे उत्तर तिथले कार्यकर्ते आजही काढून दाखवतात. युरोपीय संघात शिरायची तुर्कस्तानला तेव्हा आस होती. पण संरक्षणाचा कायदा काही आला नाही. २००८ साली तर बेयोलूच्या न्यायालयानं 'नीतिमत्तेला बाधा' म्हणून लाम्डा इस्तंबूल बंद करण्याचाच आदेश दिला, वरच्या न्यायालयानं तो सहा महिन्यांत फिरवला. मोर्चा मात्र दरवर्षी निघत राहिला आणि दरवर्षी मोठा होत गेला. २०१०पासून पारलिंगींचा वेगळा मोर्चाही सुरू झाला.

मग २०१३ आलं. सरकारनं गेझी बाग तोडून तिथे जुन्या ऑटोमन बराकींची इमारत उठवायचं ठरवलं. मेच्या अखेरीस झाडं वाचवायला बसलेल्या मूठभर मुलांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि देश पेटला. बागेत तंबू पडले. डावे, पर्यावरणवाले, कुर्द, फुटबॉलच्या संघांचे पाठीराखे, स्त्रीवादी, आणि सप्तरंगी झेंडा लावून बसलेला 'एलजीबीटी ब्लॉक'. ती जागा त्यांची जुनीच होती. १९८७च्या त्याच पायऱ्या. फुटबॉलच्या पाठीराख्यांच्या पोलिसविरोधी घोषणांत समलिंगींना उद्देशून असलेल्या शिव्या सर्रास असत. बागेत शेजारी राहणाऱ्यांनी त्यांना समजावलं, अरे, ज्यांची नावं तुम्ही शिवी म्हणून घेता ते आम्ही तुमच्याबरोबर धूर खात उभे आहोत. भिंतींवरच्या शिव्या रंगानं पुसल्या गेल्या. बाग पंधरवड्यातच पोलिसांनी रिकामी केली, पण जूनच्या अखेरीस, ३० तारखेला, प्राइड मोर्चा निघाला तेव्हा इस्तिक्लालवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. काही अंदाज लाखापर्यंत गेले. ज्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध नव्हता असे हजारो लोक त्यात चालले. तेव्हाची एक आरोळी फार गाजली. रस्त्याच्या एका टोकाकडून लोक ओरडत, 'नेरदेसिन आश्कम?' दुसऱ्या टोकाकडून उत्तर येई, 'बुरदायम आश्कम!' कुठे आहेस, माझ्या प्रेमा? इथे आहे, माझ्या प्रेमा! आश्क म्हणजे आपला इश्क.

मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशांत एवढा मोठा मोर्चा दुसरीकडे कुठे नव्हता. २०१४ला तो पुन्हा तसाच भव्य निघाला.

२८ जून २०१५. लोक नेहमीप्रमाणे जमू लागले आणि ऐन वेळी कळलं की मोर्चाला बंदी आहे. कारण सांगितलं गेलं रमजानचं. वास्तविक आदल्या वर्षीचा, २०१४चा मोर्चाही रमजानातच निघाला होता आणि कोणाच्या रोजाला त्यानं धक्का लागला नव्हता. बदलली होती ती राजकीय हवा. तीन आठवड्यांपूर्वी, ७ जूनच्या निवडणुकीत, एर्दोगान यांच्या पक्षानं संसदेतलं बहुमत गमावलं होतं. ज्या पक्षामुळे ते गेलं त्या पक्षानं एक उघडपणे समलिंगी उमेदवारही उभा केला होता. ताक्सिमला त्या दुपारी पाण्याचे फवारे सुटले, अश्रुधूर सुटला, रबरी गोळ्या सुटल्या. तेव्हापासून आजपर्यंत इस्तंबूलच्या प्राइड मोर्चाला एकदाही परवानगी मिळालेली नाही.

त्या दिवसाच्या छायाचित्रांत एक मुलगी पुन्हा पुन्हा दिसते. पोलिसांच्या रांगेसमोर ती मागे हटत नाही, ओरडते आहे, रडते आहे. हांदे कादेर. पारलिंगी स्त्री, वय विशीचं, देहविक्रय करून पोट भरणारी. पत्रकारांना ती संतापून म्हणत होती की तुम्ही फोटो काढता, पण छापत नाही, आमचा आवाज कोणापर्यंत पोचतच नाही. वर्षभरानं, ऑगस्ट २०१६मध्ये, इस्तंबूलच्या कडेला जाळलेल्या अवस्थेत एक मृतदेह सापडला. तो तिचा होता. मग तिचे फोटो जगभर छापून आले. माझ्यापुढे ते छायाचित्र आहे आणि ते पाहून मान खाली जाते. लेखणी हातात धरणाऱ्या प्रत्येकाला तिनं विचारलेला प्रश्न आहे तो.

मोर्चाला बंदी घालण्याची रीत कशी असते हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. तुर्कस्तानच्या राज्यघटनेच्या चौतिसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की कोणालाही पूर्वपरवानगीशिवाय, शस्त्राविना, शांततेनं सभा किंवा मोर्चा काढता येतो. पूर्वपरवानगीशिवाय. पण सभा-मोर्चांचा एक वेगळा कायदा आहे, क्रमांक २९११. त्याच्या आधारे प्रांताचा राज्यपाल आणि तालुक्याचा प्रशासक सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता यांतलं कोणतंही कारण देऊन मनाई करू शकतो. राज्यपाल लोकांनी निवडलेला नसतो, तो राजधानीतून नेमला जातो. मनाईचा कागद बहुधा शेवटच्या क्षणी येतो, त्यामुळे न्यायालयात जायला वेळच उरत नाही. महिन्या-वर्षांनी न्यायालय मनाई बेकायदा ठरवतं, तोवर जून निघून गेलेला असतो. पुढच्या जूनला नवा कागद. अंकारात तर नोव्हेंबर २०१७मध्ये, आणीबाणी चालू असताना, मोर्चाच काय, या विषयावरचे चित्रपट, नाटकं, चर्चा, प्रदर्शनं यांच्यावर बेमुदत बंदी आली. न्यायालयानं ती २०१९च्या एप्रिलमध्ये रद्द केली.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. १० मे २०१९. अंकारातलं मध्यपूर्व तंत्र विद्यापीठ. आपल्याकडच्या आयआयटीसारखी प्रतिष्ठा असलेली संस्था. तिथली मुलं कित्येक वर्षं आवारातच छोटा प्राइड मोर्चा काढत. या वेळी कुलगुरूंनी तो होऊ दिला नाही आणि पोलीस बोलावले. मुलं हिरवळीवर बसून राहिली. हिरवळीवर बसलेल्या मुलांवर मिरीचा फवारा, रबरी गोळ्या. अठरा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांच्यावर बेकायदा जमावाचा खटला भरला गेला. दोन-अडीच वर्षं तारखा पडत राहिल्या. पदवीचं वर्ष, नोकरीचा अर्ज, परदेशी शिष्यवृत्ती, सगळ्यावर त्या खटल्याची सावली. ऑक्टोबर २०२१मध्ये सगळे निर्दोष सुटले. सुटले हे खरं, पण शिक्षा भोगूनच सुटले. अशा राजवटीत खटल्याचा निकाल ही दुय्यम गोष्ट असते, खटला चालणं हीच शिक्षा असते. हे सांगायला मराठी वाचकाला अंकारापर्यंत नेण्याची गरज नाही.

२०२१च्या आरंभी बोआझिची विद्यापीठात नेमलेल्या कुलगुरूंविरुद्ध मुलांचं आंदोलन झालं, तेव्हा गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या मुलांना उघडपणे 'विकृत' म्हटलं. मार्चमध्ये तुर्कस्ताननं इस्तंबूल करारातून अंग काढून घेतलं. स्त्रियांवरील हिंसाचार रोखणारा हा युरोपीय करार २०११मध्ये याच शहरात झाला होता, त्याच्यावर सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देशही तुर्कस्तानच. बाहेर पडण्याचं सरकारी कारण असं, की समलिंगितेला मान्यता मिळवू पाहणाऱ्यांनी हा करार पळवला आहे. नवऱ्याच्या मारापासून बाईला वाचवणारा करार कोणाच्या नावाखाली मोडला गेला ते पाहा. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मोर्चाचे फोटो काढणाऱ्या एका नामांकित वृत्तछायाचित्रकाराला पोलिसांनी जमिनीवर पाडून अंगावर गुडघे रोवले. आणि २६ जून २०२२च्या रविवारी एका दिवसात ३७३ जण ताब्यात घेतले गेले. २००३मध्ये जेवढे चालले होते त्यांच्या बारापट.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, इस्तंबूलच्याच सराचहाने भागात समलिंगींच्या विरोधात 'कुटुंबाच्या रक्षणासाठी' मोठा मेळावा भरला. त्याला परवानगी होती. त्याची जाहिरात सार्वजनिक हिताची म्हणून दूरचित्रवाणीवर दाखवायलाही नियामक मंडळानं मान्यता दिली. सुव्यवस्था तीच, शहर तेच. पुढच्या वर्षी निवडणूक होती. महागाईनं लोक गांजले होते, फेब्रुवारीतल्या भूकंपानं पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली होती, आणि एर्दोगान जवळजवळ प्रत्येक सभेत विरोधी पक्षांना 'एलजीबीटीवाले' म्हणत होते. ते जिंकले.

२०२५च्या मार्चमध्ये दोन दिवसांत दोन देशांत जे घडलं ते शेजारी ठेवून पाहावं. १८ मार्चला हंगेरीच्या संसदेनं प्राइड मोर्चावर बंदी आणणारा कायदा केला. भाग घेणाऱ्याला दोन लाख फोरिंटपर्यंत दंड, चेहरा ओळखणारी यंत्रणा वापरायची मुभा. १९ मार्चला इस्तंबूलचे निवडून आलेले महापौर एक्रेम इमामोलू यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, आणि ते तुरुंगात गेले. त्यांच्यावरचे आरोप वेगळे होते, मोर्चाशी त्यांचा संबंध नव्हता. पण बुडापेस्टचे महापौर गेर्गेय काराचोन्य मोकळे होते. त्यांनी प्राइड हा नगरपालिकेचा कार्यक्रम आहे असं जाहीर केलं आणि २८ जूनला एक ते दोन लाख लोक दॅन्यूबवरच्या पुलावरून चालत गेले. त्या शहराच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा प्राइड मोर्चा. पोलिसांनी चालणाऱ्यांना दंड केला नाही, महापौरांना मात्र नंतर चौकशीला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी, २९ जूनला, इस्तंबूलमध्ये पुन्हा भुयारी रेल्वेची स्थानकं बंद, पुन्हा अडथळे, पुन्हा धरपकड.

मुंबईबद्दल बोललं पाहिजे. १६ ऑगस्ट २००८ला ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीकडे पहिला क्विअर आझादी मार्च निघाला तेव्हा ३७७ कलम जिवंत होतं. कायद्याच्या दृष्टीनं चालणाऱ्यांतले कित्येक गुन्हेगार होते, आणि पोलीस त्यांच्या शेजारून बंदोबस्तात चालले. तुर्कस्तानच्या अगदी उलट. तिथे कायद्यानं गुन्हा नाही पण रस्ता बंद, इथे कायद्यानं गुन्हा आणि रस्ता खुला. मी बरीच वर्षं या तुलनेनं सुखावत असे. मग २०२०चा फेब्रुवारी आला. कलम जाऊन दीड वर्ष झालं होतं. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या आंदोलनांचे दिवस होते, आणि पोलिसांनी नेहमीच्या मार्गावरच्या मोर्चाला परवानगी नाकारली. लोक आझाद मैदानात जमले. तिथे काही जणांनी दिलेल्या घोषणांवरून पन्नासहून अधिक जणांवर राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. आयोजकांनी त्या घोषणांशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. तुर्कीतही मैदानाला 'मेयदान'च म्हणतात. कलम पुसलं जाऊ शकतं आणि मैदान आक्रसू शकतं, दोन्ही एकाच देशात, हे मला तेव्हा कळलं.

आता इस्तंबूलचा मोर्चा कसा निघतो? जागा शेवटपर्यंत सांगितली जात नाही. पोलीस ताक्सिमचं स्थानक बंद करतात, इस्तिक्लालच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे लावतात, म्हणून समितीनं ताक्सिमवरचा हक्क न सोडता पाय मात्र मोकळे केले. २०२३ला लोक निशान्ताशी भागात जमले. २०२४ला ते थेट सामुद्रधुनी ओलांडून आशियाच्या बाजूला, बगदाद रस्त्यावर निघाले, पोलीस ताक्सिमला पहारा देत असताना. प्रत्येकाकडे वकिलाचा दूरध्वनी क्रमांक असतो, वकीलसंघाचे लोक चौक्यांबाहेर थांबतात. पकडलेल्यांचे हात पाठीमागे बांधून बेड्या घालतात, बसमध्ये तासन् तास बसवतात, मग वैद्यकीय तपासणी, मग चौकी, रात्री उशिरा सुटका. बाहेर कोणीतरी पाणी आणि सिमित घेऊन उभं असतं. सिमित म्हणजे तीळ लावलेलं कडक पावाचं कडं, इस्तंबूलचा वडापाव म्हणा.

आणि ती २०१३ची आरोळी अजून आहे. तेव्हा लाखभर लोक एकमेकांना दिसत असताना गंमत म्हणून विचारत होते, कुठे आहेस, माझ्या प्रेमा? आता बेयोलूच्या बोळांत मोर्चा तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला असतो, एका गल्लीतल्यांना दुसऱ्या गल्लीतले दिसत नाहीत, मधल्या तिठ्यावर पोलीस उभे असतात. तेव्हा तो प्रश्न खरोखर विचारावा लागतो. एका गल्लीतून कोणी ओरडतं, 'नेरदेसिन आश्कम?' आणि दोन इमारतींपलीकडून, न दिसणाऱ्या कोणाकडून, उत्तर येतं : 'बुरदायम आश्कम.'